कुंकवाखालची तारीख

मित्रांनो, मी एक जुनी गॅसची टाकी आहे. तुमच्या स्वयंपाकघरातली लाल टाकी डोळ्यांसमोर आणू नका हं, ती वेगळी. मी टेम्पोच्या पोटाखाली आडवी बांधलेली, लांबोडकी, जाड पोलादाची सीएनजीची टाकी. आमच्या सुरतेत मला बाटला म्हणतात. सध्या मी पलसाण्याच्या एका तपासणी केंद्राच्या आवारात भिंतीला टेकून पडले आहे. माझ्या अंगावर पिवळ्या खडूनं ही मोठी फुली मारलेली आहे. फुली मारलेल्या टाकीत पुन्हा गॅस भरत नाहीत. तिला कापतात, म्हणजे कुणी चुकूनही ती वापरू नये.

तुम्हाला वाटेल, आता ही आपलं रडगाणं गाणार, मला बिचारीला फेकून दिलं म्हणणार. नाही. मला कापणार याचं मला वाईट वाटत नाही. मला लाज वाटते. इतकी लाज वाटते, की शेजारच्या टाक्यांनी विचारलं तरी मी माझी कथा सांगितली नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही लहान आहात, आणि या कथेत जे काही चांगलं घडलं ते एका शाळकरी मुलीनंच केलं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लालबुंद तापलेली पोलादी नळी गरागरा फिरवत तिचं तोंड निमुळतं करत आणलं, आणि मी झाले. मग माझ्यात पाणी कोंडून दाब वाढवत नेला. मी हूं की चूं केलं नाही. शाबास म्हणून माझ्या खांद्यावर माझा नंबर ठोकला. तो ठोकताना केवढी ऐट आली होती मला! माझं कामच तसं आहे ना. तुमच्या सायकलच्या चाकात जेवढा दाब असतो, त्याच्या पन्नास पटींहून जास्त दाब मी पोटात धरून ठेवते, आणि वर रस्त्यावरचे खड्डे खाते.

पुढे मला एका नव्या कोऱ्या छोट्या टेम्पोखाली बसवलं. गॅस भरायची नळी लावतात ते माझं तोंड टेम्पोच्या बाजूला, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर आलं. त्या तोंडाच्या जरा वर एक चकचकीत पाटी ठोकली, पत्त्याच्या पानाएवढी. तिच्यावर माझा नंबर, आणि माझी पुढची तपासणी कधी करायची ती तारीख. दर तीन वर्षांनी मला खाली उतरवायचं, आतून-बाहेरून बघायचं, पुन्हा पाणी कोंडून दाब द्यायचा, आणि मी टिकले तरच परत बसवायचं, असा कायदा आहे. तारीख उलटून गेली तर पंपावर गॅस भरून देऊ नये, असाही कायदा आहे. तो कायदा का आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी फुटले तर माझ्यापासून दोन हातांवर चालवणाऱ्याची पाठ असते.

ती पाठ होती सुकदेवभाऊंची.

सुकदेवभाऊ धुळ्याकडचे, शिंदखेडा तालुक्यातले. तरुणपणी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला सुरतेला आले, मग दुसऱ्यांचे टेम्पो चालवले आणि शेवटी स्वतःचा घेतला. पांडेसऱ्यात त्यांची खोली. बायको मंगलाबाई आणि मुलगी गायत्री. लूमच्या शेडमधून कोऱ्या कापडाचे ताके भरायचे आणि पांडेसऱ्याच्या, नाहीतर पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये उतरवायचे, हे आमचं काम. कोरा ताका म्हणजे दुधासारखा पांढरा. डिझेलच्या जुन्या टेम्पोतून तो आणला तर वरच्या घडीवर काजळीचे ठिपके पडायचे, आणि मिलवाले तोंड वाकडं करायचे. आमच्या टेम्पोमागे धुराची रेघसुद्धा नसायची. पहिल्याच महिन्यात लूमवाले म्हणायला लागले, की ताके सुकदेवच्याच गाडीत टाका. सिग्नलवर शेजारी एखादा डिझेलचा टेम्पो भकाभका धूर सोडत उभा राहिला, की मला त्याची कीव यायची. खरं सांगते, कीव नव्हे, मी त्याला हसायचे. गर्व होता मला.

तीन वर्षं झाली तेव्हा माझी पहिली तपासणी झाली. मी पहिल्या झटक्यात पास. नवी पाटी आली, तिच्यावर नवी तारीख आली : फेब्रुवारी दोन हजार चोवीस. ही तारीख लक्षात ठेवा, मित्रांनो. आमच्या घरात कुणीच ठेवली नाही.

आता मंगलाबाईंबद्दल सांगते. त्या फार कामसू आणि फार देवभोळ्या. दसऱ्याला टेम्पोची पूजा त्याच करायच्या. पहिल्या दसऱ्याला सुकदेवभाऊ म्हणाले, की काचेवर स्वस्तिक काढ. पण मंगलाबाई ताट घेऊन टेम्पोभोवती फिरल्या आणि माझ्यापाशी येऊन खाली बसल्या. त्या घरी अहिराणी बोलतात. म्हणाल्या, "जठून खास ते तोंड. तोंडना वर कपाळ ऱ्हास." म्हणजे टेम्पो जिथून खातो ते त्याचं तोंड, आणि तोंडाच्या वर कपाळ असतं. तोंडाच्या वर काय होतं? माझी पाटी! तिच्यावर त्यांनी कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला. सगळे हसले, पण बोलणं बिनतोड होतं. तेव्हापासून दर दसऱ्याला पाटी हेच टेम्पोचं कपाळ.

साधंच कुंकू ते. दोन सरी आल्या की वाहून जायचं आणि खालचे आकडे दिसायचे. तोपर्यंत सगळं ठीक होतं.

मग एका पावसाळ्यात खाडी फुगली. आमच्या गल्लीत दोन दिवस पाणी होतं. नुसतं पावसाचं नव्हे, वरच्या डाईंग मिलांतून वाहून आलेलं काळं-निळं पाणी. टेम्पो चाकांच्या वरपर्यंत त्यात उभा होता, म्हणजे मी पूर्ण बुडालेली. पाणी ओसरलं. सुकदेवभाऊंनी इंजिन खोललं, सीट वाळवल्या, ब्रेक बघितले. मला बांधणाऱ्या पट्ट्यांच्या आत रबराच्या पट्ट्या असतात. तिथं पाणी अडकून राहिलं. तिथं बघायचं कुणाला सुचलं नाही, आणि बाहेरून काही दिसतही नव्हतं.

त्याच आठवड्यात मिलच्या फाटकापाशी सुकदेवभाऊंचा पाय घसरला आणि हाताला चांगलंच लागलं. मंगलाबाई टेम्पोपाशी आल्या, तर पाटीवरचं कुंकू पुरानं धुऊन नेलेलं. नवऱ्याच्या गाडीचं कुंकू पुसलं गेलं आणि नवऱ्याला लागलं, ही गाठ त्यांच्या मनात पक्की बसली. त्या दसऱ्याला त्यांनी काय केलं असेल? शेजारच्या शांताबाई साडी छापायच्या खात्यात कामाला होत्या. त्यांच्याकडून त्यांनी वाटीभर लाल रंग आणला. साडीवर छापतात तोच, शंभर धुण्यांत न जाणारा. त्यात कुंकू कालवलं आणि माझ्या पाटीवर हा जाड थर दिला. शांताबाई म्हणाल्या, की आता सात जन्म जायचा नाही. कापडाच्या शहरात राहणाऱ्या बायका त्या. पक्का रंग कशाला म्हणतात हे त्यांना कुणी शिकवायला नको.

तो थर सुकला. पावसानं गेला नाही, पाण्यानं गेला नाही. पुढच्या दसऱ्याला त्यावर दुसरा थर चढला, मग तिसरा. थर कडक झाला. त्याच्याखाली तारीख आहे हे कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

आणि आता माझी लाजेची गोष्ट येते.

पट्ट्यांखाली मला गंज चढत होता. आधी नुसती खाज आल्यासारखं वाटलं. मग पापुद्रे सुटू लागले. मग तिथं खळगे पडले. हे मला कळत होतं. फेब्रुवारी दोन हजार चोवीस जवळ येत होता, तेही कळत होतं. तुम्हाला एखाद्या विषयाचा अभ्यास झालेला नसला, की परीक्षाच रद्द व्हावी असं वाटतं ना? मला तसंच वाटलं. खाली उतरवतील, पट्टे सोडतील, खळगे दिसतील आणि मला नापास करतील. म्हणून पाटीवर लाल थर चढला तेव्हा मी खूश झाले. कुंकवाचा मान मिळाला म्हणून नव्हे. तारीख झाकली गेली म्हणून. तुम्ही म्हणाल, टाकी बिचारी काय करणार, तिला कुठं बोलता येतं? हीच सबब मी स्वतःला दीड वर्ष दिली. पण बोलता येत नाही म्हणून गप्प असणं वेगळं, आणि गप्प राहायला मिळतंय म्हणून आनंदात असणं वेगळं.

आम्ही गॅस भरायला नेहमी एकाच पंपावर जायचो. तिथं हिलालदादा नळी लावायला होते. तेही खानदेशातलेच, अमळनेरकडचे, म्हणून आपला माणूस. गॅस भरण्याआधी पाटीवरची तारीख बघणं हे त्यांचं काम. पहिल्यांदा तो पक्का टिळा दिसला तेव्हा ते खाली वाकले, पाटीकडे बघितलं, नखानं खरवडायला हात पुढे केला आणि मागे घेतला. पूजेचं कुंकू! त्यांनी हात जोडले आणि नळी लावली. मग रोज तेच. वाकायचं, हात जोडायचे, नळी लावायची. सुकदेवभाऊ आपले निर्धास्त. तारीख उलटली असती तर हिलालनं गॅस भरलाच नसता, असं ते चारचौघांत सांगायचे. हिलालदादांना वाटायचं, एवढी काळजीनं गाडीची पूजा करणारा माणूस तपासणी थोडीच चुकवेल? आणि मंगलाबाईंना वाटायचं, कुंकू जागेवर आहे ना, मग धनी सुखरूप आहे. तिघांनी एकमेकांवर भरवसा टाकला होता. त्या भरवशाच्या खाली मी गंजत होते. फेब्रुवारी आला आणि गेला. त्यानंतर दुसराही फेब्रुवारी येऊन गेला.

मग गायत्री नववीत गेली.

गायत्री म्हणजे नुसता वारा. आठवीपर्यंत वर्गात तोंड न उघडणारी पोरगी यंदा एकदम बोलायला लागली होती. शाळेतल्या भाषणाच्या स्पर्धेत तिनं विषय घेतला, 'धूर न सोडणारी गाडी'. सकाळी सुकदेवभाऊ तिला शाळेपर्यंत सोडायचे तेव्हा ती केबिनमध्ये बसून सराव करायची आणि मी खालून ऐकायचे. माझ्या पप्पांचा टेम्पो नैसर्गिक वायूवर चालतो, तो काजळी ओकत नाही, हजारो टेम्पो असे झाले तर सुरतेची हवा कशी होईल, विचार करा! माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. प्रत्येक वाक्याला मी आणखी ओशाळायचे.

स्पर्धेत तिचा दुसरा नंबर आला. घरी येताना तिनं सगळं सांगितलं, टाळ्या, प्रमाणपत्र आणि एक प्रश्न. तिच्या विज्ञानाच्या शर्वरीबाईंनी भाषण झाल्यावर विचारलं होतं, की गॅसची गाडी चांगलीच, पण तिच्या टाकीची वेळच्या वेळी तपासणी व्हावी लागते, तुझ्या पप्पांच्या टाकीची पुढची तारीख कोणती? गायत्रीला उत्तर देता आलं नाही. म्हणून पहिला नंबर गेला असं तिचं ठाम मत. तिनं पप्पांना विचारलं. पप्पा म्हणाले, पाटीवर असेल. ती टेम्पोतून उतरली, पाटीपाशी बसली, आणि बघते तर सगळं लाल. तिनं बोट लावलं तोच मंगलाबाई दारातून म्हणाल्या,

"मना धनीनी गाडीनं कुंकू शे ते. पुसानं नही."

गायत्रीनं परोपरीनं समजावलं. वाचून झालं की लगेच दुसरं लावू, असंही म्हणाली. मंगलाबाई ऐकेनात. पुसायचं आणि मग लावायचं, या दोहोंच्या मधल्या वेळात काय व्हायचं ते होतं, असं त्यांचं म्हणणं. सुकदेवभाऊंनी दोघींच्या मध्ये न पडता पान खायला जाणं पसंत केलं.

तीन दिवसांनी कानबाईचं विसर्जन होतं. कानबाई ही आमच्या खानदेशी घरांतली श्रावणातली देवी. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून तिला चौरंगावर बसवतात, आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर नेतात. गल्लीतल्या बायकापोरांना दरवर्षी आमच्याच टेम्पोतून नेत. मालाच्या टेम्पोत माणसं बसवू नयेत, हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत होतं. तरी त्या दिवशी माझ्या डोक्यावर तेरा जणं बसली होती. मध्ये मंगलाबाई, मांडीवर कानबाई. गाणी चालली होती. आणि त्यांच्या वजनानं प्रत्येक खड्ड्याला पट्टे माझ्या खळग्यांवर घासत होते. तेव्हा मला पहिल्यांदा खरोखरची भीती वाटली. ती माझी नव्हती, वर बसलेल्यांची होती. मनातल्या मनात म्हटलं, कुणीतरी वाचा रे. पण हे म्हणायला मी दीड वर्ष उशीर केला होता.

वाटेत गॅस भरायला पंपावर थांबलो. गॅस भरताना सगळ्यांनी गाडीतून खाली उतरून लांब उभं राहायचं असतं. बायका उतरल्या. शांताबाई म्हणाल्या, की देवीलाही उतरवता का हिलालभाऊ, आणि सगळ्या हसल्या. हिलालदादा नेहमीप्रमाणे वाकले, त्यांनी हात जोडले, आणि नळी उचलली.

गायत्री त्यांच्या शेजारी येऊन बसली. "मामा, तुम्ही हे वाचलंत?" तिनं विचारलं.

"पूजेचं आहे ना बेटा ते," हिलालदादा म्हणाले.

"पण त्याच्याखाली काय आहे?"

मागे चार रिक्षा रांगेत उभ्या होत्या. एकानं हॉर्न दिला. गायत्रीनं केसातली लोखंडी क्लिप काढली आणि पाटीचा कोपरा खरवडायला सुरुवात केली.

मंगलाबाईंनी ते लांबून बघितलं. हातात कानबाई, त्यामुळे त्यांना धावता येईना. त्यांनी नुसती हाक मारली. गायत्रीचा हात थांबला नाही. लाल कपचे तिच्या पांढऱ्या सलवारीवर पडत होते. शांताबाईंना राहवलं नाही. "नववीत गयी आनि मायना कपाळले हात घालस," त्या म्हणाल्या. सणाच्या दिवशी, देवीसमोर, मुलगी आपल्या आईच्या देखत बापाच्या गाडीचं कुंकू खरवडत होती. तिचे कान लालेलाल झाले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण क्लिप चालूच होती. मित्रांनो, तिला वाटत असलेली ती लाज माझी होती. माझ्या वाटची लाज ती पोर सगळ्यांसमोर भोगत होती.

आधी 'फे' दिसला. मग चोवीस.

"फेब्रुवारी दोन हजार चोवीस," तिनं मोठ्यानं वाचलं. मग वळून वडिलांकडे बघितलं. "पप्पा, दीड वर्ष झालं."

हिलालदादांनी नळी जागेवर अडकवली. "भाऊ, आता मला नाही भरता येणार," ते म्हणाले. मागचे रिक्षावाले बघत होते. सुकदेवभाऊ खाली मान घालून उभे होते. रोज त्याच चौघांत उभं राहून त्यांनी सांगितलं होतं, की माझी गाडी म्हणजे एकदम चोख.

टेम्पोला अडीअडचणीसाठी पेट्रोलची एक लहान टाकी असते. त्यावर सुकदेवभाऊ रिकामा टेम्पो सावकाश घरी घेऊन गेले. बायका उन्हातून चालत तापीवर गेल्या. मंगलाबाई कानबाईला डोक्यावर घेऊन पुढे, आणि त्यांच्या मागे पंधरा पावलं अंतर ठेवून गायत्री. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. हे मला नंतर कळलं.

मंगळवारी सकाळी आम्ही इथं, पलसाण्याला आलो. घरातले तिघंही आले. मंगलाबाई कशासाठी आल्या होत्या ते त्यांनी सांगितलं नाही. मायलेकी अजून अबोल्यातच होत्या. इथले भूपेंद्रभाई म्हणजे टाक्यांचे डॉक्टरच म्हणा. त्यांनी माझ्यातला उरलासुरला गॅस काढला, नट सोडले आणि पट्टा ओढला. पट्टा निघाला, पण रबर निघेना. ते माझ्या अंगाला चिकटलं होतं. त्यांनी ते सोलून काढलं, आणि त्याबरोबर माझ्या कातडीचे पापुद्रे खाली गळून पडले.

सगळे बघत होते. तुम्हाला कधी वर्गात सगळ्यांसमोर दप्तर उघडून दाखवावं लागलंय का? नको ती वस्तू आत असताना? तसं झालं मला.

भूपेंद्रभाईंनी ब्रशनं साफ करून खळग्यांची खोली मोजली. एकदा मोजली, पुन्हा मोजली. मग गायत्रीचं बोट धरून एका खळग्यात ठेवलं. तिच्या बोटाचं टोक आत गेलं. पाण्याच्या दाबाची तपासणी करायची गरजच नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांनी खडू घेतला.

सुकदेवभाऊंनी विचारलं, की अजून किती दिवस चालली असती?

"भाई, आमां अंदाज ना चाले," भूपेंद्रभाई म्हणाले. "अंदाज ना लगाववो पडे एटले तो तारीख लखी छे." यात अंदाज चालत नाही, अंदाज लावायची वेळ येऊ नये म्हणून तर तारीख लिहिलेली असते.

मंगलाबाई पुढे आल्या. त्यांनीही त्या खळग्यात बोट घातलं. मग टेम्पोकडे बघितलं, चालकाच्या सीटकडे, आणि मी जिथं बांधलेली होते त्या जागेकडे. मधलं अंतर त्यांनी डोळ्यांनी मोजलं असावं. त्या तिथंच जमिनीवर बसल्या. ज्याच्यासाठी त्यांनी ते कुंकू शंभर धुण्यांत न जाणारं केलं होतं, त्याच्या पाठीशी मी ही अशी होते. त्या मला ओरडल्या असत्या, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला हात जोडले. "माले समजनं नही माय," त्या म्हणाल्या. माझी क्षमा त्या मागत होत्या! त्या क्षणी मला वाटलं, कापायचं तर आत्ताच कापा.

दुपारी हिलालदादा सायकल मारत आले. त्यांची पाळी संपली होती. कुणी बोलावलं नव्हतं. माझ्यावरची फुली बघून ते सुकदेवभाऊंकडे वळले.

"मी रोज हात जोडले सुकदेवभाऊ," ते म्हणाले. "वाचलं एकदाही नाही."

सुकदेवभाऊ म्हणाले, की वाचायचं काम माझं होतं, गाडी माझी होती. मग हिलालदादांनी सांगितलं, की कालपासून ते प्रत्येक पाटी वाचतात, आणि त्यामुळे रांगेतले लोक त्यांच्या नावानं खडे फोडतात.

चार वाजेपर्यंत नवी टाकी बसली. माझ्यापेक्षा धाकटी, माझ्यासारखीच ऐटदार. पाटी तर अशी चकचकीत, की गायत्रीचं नाक तिच्यात दिसत होतं. सुकदेवभाऊंनी गाडी चालू केली. गायत्री चढायला निघाली, तेव्हा मंगलाबाईंनी तिचा दंड धरला. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी पाटीवर बोट ठेवलं.

"वाच," त्या म्हणाल्या. दोन दिवसांतला पहिला शब्द.

"ऑगस्ट दोन हजार अठ्ठावीस."

मंगलाबाईंना ऑगस्टशी काही देणंघेणं नव्हतं. त्या बोटांवर मोजू लागल्या. आषाढ, श्रावण. एक कानबाई, दोन कानबाया, तीन. मग मान डोलावली. "तिसरी कानबाई बसाना पहिले दखाडानी," त्या म्हणाल्या. तिसरी कानबाई बसायच्या आधी टाकी दाखवायची. आपली मंगलाबाई! तिनं कायद्यातली तारीख सणात नेऊन ठेवली. सण चुकवेल अशी बाई नव्हेच ती. गायत्री तोंड फिरवून रडू लागली, आणि मंगलाबाईंनी तिच्या कालच्याच सलवारीवरचे लाल डाग बघून म्हटलं, की हे आता सात जन्म जायचे नाहीत, तुझ्या शांतामावशीचा रंग आहे. मग दोघी हसल्या.

ते गेले. मी इथं राहिले. उद्या गॅस कटर येईल.

मित्रांनो, मी चांगलं काम केलं, हे खरं आहे. माझ्यामुळे कितीतरी ताके पांढरे राहिले, कितीतरी धूर कमी झाला. पण चांगलं इंधन पोटात घेतलं म्हणून टाकी चांगली ठरत नाही. तिच्याकडे बघावं लागतं, आणि बघू द्यावं लागतं. मी बघू दिलं नाही, उलट झाकलं गेलं म्हणून आनंद मानला. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. तुमच्या घरी, गल्लीत, शाळेच्या वाटेवर गॅसची जी गाडी असेल, टेम्पो, रिक्षा, व्हॅन, तिच्यापाशी आज जा. पाटी शोधा. तिच्यावर हळद असो, कुंकू असो, चिखल असो की लेबल असो, ते पुसायला लावा, आणि तारीख मोठ्यानं वाचा. मोठी माणसं रागावतील. चारचौघांत तुमचे कान लाल होतील. होऊ द्या. ती लाज घटकाभराची असते. माझ्यासारखी दीड वर्षाची लाज कुणाच्या वाट्याला येऊ देऊ नका.